भावी ॲक्च्युअरींसाठी कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा: प्रत्येक चिन्हाला त्याचे एकक विचारा

बारावीनंतर ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षांकडे वळणारे विद्यार्थी आपल्याकडे साधारण दोन वाटांनी येतात. विज्ञान शाखेतून आलेल्याने त्रिकोणमितीची शेकडो इंटिग्रेशन्स सोडवलेली असतात, पण त्यांपैकी एकाचाही पैशाशी संबंध त्याला कोणी दाखवलेला नसतो. वाणिज्य शाखेतून आलेल्याने महाराष्ट्र मंडळाच्या गणिताच्या पुस्तकात विमा आणि ॲन्युइटीचे (ठरावीक काळाने मिळत राहणाऱ्या रकमेचे) प्रकरण केलेले असते, त्याच अभ्यासक्रमात मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशनही असते, पण ही प्रकरणे एकमेकांशी बोलतात हे त्याला ठाऊक नसते. दोघांनाही पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा पुन्हा शिकावे लागते, आणि ते कसे शिकावे हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की भावी ॲक्च्युअरीने प्रत्येक सूत्रातल्या प्रत्येक चिन्हाला आधी त्याचे एकक विचारावे. हे रुपये आहेत, वर्षे आहेत, ‘प्रति वर्ष’ असा दर आहे, की निव्वळ संख्या आहे? भौतिकशास्त्राचा विद्यार्थी हा प्रश्न सवयीने विचारतो, गणिताचा विद्यार्थी तो विसरतो, आणि विम्याच्या गणितातल्या निम्म्या चुका तिथेच होतात.

इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या परीक्षांत प्रवेशासाठी एसेट ही चाचणी असते. पुढे सीएस या नावाने संख्याशास्त्राचे, सीएम या नावाने विमा व वित्ताच्या गणिताचे आणि सीबी या नावाने अर्थशास्त्र व व्यवसायाचे पेपर असतात. कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा यांचा स्वतंत्र पेपर त्यांत कुठेच नाही, आणि त्यामुळेच विद्यार्थी या विषयांकडे दुर्लक्ष करतात. सीएस आणि सीएमचे जवळजवळ प्रत्येक प्रकरण मात्र हे दोन विषय येतात असे गृहीत धरूनच लिहिलेले असते.

आरंभ घातांक आणि लॉगपासून

पदवीच्या वर्गात लिमिटचे प्रकरण सहसा एप्सिलॉन आणि डेल्टापासून सुरू होते. ते एकदा नीट समजून घ्यावे, पण वहीत पहिले उदाहरण व्याजाचे असावे. समजा, परिणामी वार्षिक व्याजदर ८ टक्के आहे, म्हणजे १०० रुपयांचे वर्षाअखेर १०८ होतात. हेच १०८ रुपये वर्षातून अनेकदा व्याज जमा करून मिळवायचे असतील, तर नाममात्र दर किती लागेल? सहामाही जमा असेल तर ७.८४६ टक्के, तिमाही असेल तर ७.७७१, मासिक असेल तर ७.७२१. कालखंड लहान करत गेल्यास हा आकडा खाली सरकत राहतो, पण कुठेतरी थांबतो. तो थांबा म्हणजे १.०८ चा नैसर्गिक लॉग, अर्थात ०.०७६९६१ किंवा सुमारे ७.६९६ टक्के. यालाच फोर्स ऑफ इंटरेस्ट म्हणतात आणि तो डेल्टा या ग्रीक अक्षराने लिहितात. ही चार उत्तरे स्वतः कॅल्क्युलेटरवर काढून पाहावीत, कारण लिमिट म्हणजे काय हे व्याख्या पाठ करण्यापेक्षा या ओळीतून लवकर उमगते.

आता पहिला एककाचा प्रश्न. डेल्टाचे एकक ‘प्रति वर्ष’ आहे. डेल्टाला काळाने गुणले की वर्षे कटतात आणि निव्वळ संख्या उरते; म्हणूनच ती घातांकात बसू शकते. घातांकात किंवा लॉगच्या पोटात रुपये किंवा वर्षे उरलेली दिसली, तर बहुतेक वेळा मांडणी चुकली आहे असे समजून मागे जावे. ही एवढी तपासणी परीक्षेत अनेक गुण वाचवते.

यानंतर निश्चित इंटिग्रेशनकडे जावे. दर वर्षी १ लाख रुपये या दराने २० वर्षे अखंड वाहणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य म्हणजे वटणावळीच्या घातांकी वक्राखालचे क्षेत्रफळ. ८ टक्के दराने २० वर्षांनंतरच्या एका रुपयाची आजची किंमत ०.२१४५५ येते, १ मधून ती वजा करून डेल्टाने भागले की १०.२०६ मिळतात, म्हणजे सुमारे १० लाख २१ हजार रुपये. उत्तर लिहून थांबू नये. हीच रक्कम दर वर्षाच्या शेवटी एकदम दिली तर मूल्य ९.८१८ लाख आणि वर्षाच्या सुरुवातीला दिली तर १०.६०४ लाख येते. वर्षभर थोडी थोडी मिळणारी रक्कम या दोहोंच्या मध्ये पडायलाच हवी, आणि ती पडते. बेरीज आणि इंटिग्रल यांचे नाते असे आकड्यांत पाहिले की रीमान सम हा शब्द भीतीदायक राहत नाही.

मृत्युदराचे इंटिग्रेशन

विम्याच्या गणितातला सर्वांत सुपीक भाग हाच, म्हणून इथे वेळ द्यावा. फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी, म्हणजे मृत्यूचा क्षणिक दर, म्यू या अक्षराने लिहितात. विद्यार्थी त्याला संभाव्यता समजतात आणि मग तो एकापेक्षा मोठा आला की गोंधळतात. त्याचेही एकक ‘प्रति वर्ष’ आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असली तरी ती ६० किलोमीटर गेलेली असेलच असे नाही, तसेच म्यू हा वेग आहे, घडलेले अंतर नव्हे. आज ४० वर्षांची असलेली व्यक्ती आणखी १० वर्षे जगण्याची संभाव्यता काढायची तर त्या दहा वर्षांतल्या म्यूचे इंटिग्रेशन करायचे, त्याला ऋण चिन्ह द्यायचे आणि ते घातांकात बसवायचे. व्याजाच्या सूत्राशी याचे साम्य लगेच दिसेल: डेल्टा पैशाचे मूल्य झिजवतो, म्यू माणसांची संख्या झिजवतो, आणि दोन्ही एकाच घातांकात बेरजेने येतात.

१८२५ मध्ये लंडनच्या बेंजामिन गोम्पर्ट्झने मांडले, की प्रौढ वयात हा दर भूमितीय श्रेणीने वाढतो. ज्यू असल्यामुळे विद्यापीठाची दारे बंद असलेल्या या माणसाने गणित स्वतःच्या बळावर शिकले होते. त्याच्या नियमात दर वर्षी वाढ ९ टक्के धरली, तर म्यू दुप्पट व्हायला लॉग २ भागिले लॉग १.०९, म्हणजे सुमारे ८ वर्षे लागतात. (बँकेत पैसे दुप्पट होण्याचा ७२ चा जो नियम घरोघरी सांगतात, तोच इथे लागू पडतो: ७२ भागिले ९.) १८६० मध्ये विल्यम मेकहॅमने त्यात वयावर अवलंबून नसलेला एक स्थिर भाग जोडला. गोम्पर्ट्झच्या म्यूचे इंटिग्रेशन करून जगण्याची संभाव्यता काढणे हा घातांकी फलाच्या इंटिग्रेशनचा उत्तम सराव आहे. उत्तरात छेदस्थानी वाढीच्या गुणकाचा लॉग येतो, आणि बहुतेक जण तोच विसरतात.

इंटिग्रेशन बाय पार्ट्स वर्गात एक युक्ती म्हणून शिकवले जाते. ॲक्च्युअरीने ते एका विधानाच्या रूपात लक्षात ठेवावे: सरासरी उर्वरित आयुष्य म्हणजे जगण्याच्या वक्राखालचे क्षेत्रफळ. मृत्यूच्या काळाची सरासरी काढण्यासाठी काळ गुणिले मृत्यूची घनता यांचे इंटिग्रेशन करावे लागते. बाय पार्ट्स लावले की सीमेवरचे पद नाहीसे होते आणि फक्त जगण्याच्या संभाव्यतेचे इंटिग्रेशन उरते. एकक तपासा: संभाव्यतेला एकक नाही, काळाला वर्षे आहेत, म्हणून क्षेत्रफळ वर्षांत येते. म्यू कायम ०.०२ धरला तर सरासरी १ भागिले ०.०२, म्हणजे ५० वर्षे.

आता त्याच उदाहरणात व्याज घाला. म्यू ०.०२ आणि डेल्टा ०.०६ असताना, मृत्यूच्या क्षणी १ रुपया देणाऱ्या आजन्म विम्याचे आजचे मूल्य म्यू भागिले म्यू अधिक डेल्टा, म्हणजे ०.२५ येते. जिवंत असेपर्यंत दर वर्षी १ रुपया या दराने देणाऱ्या ॲन्युइटीचे मूल्य १ भागिले ०.०८, म्हणजे १२.५ येते. पहिल्यात ‘प्रति वर्ष’ भागिले ‘प्रति वर्ष’ असल्याने निव्वळ संख्या मिळते; दुसऱ्यात वर्षे मिळतात आणि ती ‘रुपये प्रति वर्ष’ यांना गुणून रुपये होतात. दोहोंमधले नाते पाहा: १२.५ ला ०.०६ ने गुणून ०.७५ आणि त्यात ०.२५ मिळवले की बरोबर १. हे या आकड्यांपुरते नाही, म्यू कसाही असला तरी खरे आहे, आणि बाय पार्ट्सने दोन ओळींत सिद्ध होते. याचा अर्थ घरगुती भाषेत असा: आज कोणाला एक रुपया उसना दिला, त्याने हयातभर त्याचे व्याज देत राहायचे आणि त्याच्या मृत्यूच्या क्षणी मुद्दल परत यायचे, तर या सगळ्याची आजची किंमत एक रुपयाच असणार. सिद्धता आणि हा अर्थ दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहावेत. शिवाय या विम्याचा अखंड भरायचा हप्ता काढला तर ०.२५ भागिले १२.५, म्हणजे ०.०२, अर्थात म्यूच मिळतो. १० लाखांच्या विम्याला वर्षाला २० हजार रुपये. दर कायम असेल तर प्रत्येक क्षणाचा हप्ता त्याच क्षणाच्या जोखमीला पुरतो आणि साठा, म्हणजे पुढच्या दाव्यांसाठी बाजूला ठेवायची रक्कम, उरतच नाही, हे त्यातून कळते.

मग कोणती इंटिग्रेशन्स पाठ हवीत आणि कोणती सोडावीत? माझ्या मते दोन प्रकार हातात इतके बसलेले असावेत की विचार करावा लागू नये. एक, एक्सचा घात गुणिले ऋण घातांक, म्हणजे गॅमा फलाचे कुटुंब. शून्यापासून अनंतापर्यंत त्याचे उत्तर घाताचे फॅक्टोरियल भागिले दराचा त्याहून एकने मोठा घात असे येते. दोन, घातांकात वर्ग पूर्ण करून नॉर्मल वितरणाशी जोडता येणारी इंटिग्रेशन्स. मोमेंट जनरेटिंग फंक्शन, दाव्यांच्या रकमांची सरासरी, लॉगनॉर्मल वितरण, या सगळ्यांत हेच दोन पुन्हा पुन्हा येतात. उलट त्रिकोणमितीय प्रतिस्थापनाचे अवघड नमुने, वक्रांची लांबी, कर्ल आणि डायव्हर्जन्स यांची गरज विद्यापीठाच्या परीक्षेपुरतीच आहे. त्यांत गुण मिळवावेत, पण ते न जमल्याने खचू नये.

टेलर मालिका: व्याजदर हलला तर काय

टेलर मालिकेचे प्रकरण साइन आणि कोसाइनच्या विस्तारात संपवले जाते, हे दुर्दैव आहे. पुढचे उदाहरण करून पाहावे. विमा कंपनीला १५ वर्षांनी १०० लाख रुपये द्यायचे आहेत. ७ टक्के दराने त्याचे आजचे मूल्य ३६.२४ लाख. दर ६ टक्क्यांवर उतरला तर तेच मूल्य ४१.७३ लाख होते, म्हणजे देणे ५.४८ लाखांनी वाढले. आता ही वाढ डेरिव्हेटिव्हने काढू. पहिले डेरिव्हेटिव्ह वापरले की वाढ ५.०८ लाख येते. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचे पद आणखी ०.३८ ची भर घालते आणि बेरीज ५.४६ होते. उरलेल्या दोन हजारांच्या फरकासाठी तिसरे पद आहे, आणि ते काढल्यास तो फरक जवळपास मिटतो.

पहिल्या डेरिव्हेटिव्हला मूल्याने भागले की १५ भागिले १.०७, म्हणजे १४.०२ मिळतात. यांचे एकक वर्षे आहे, आणि म्हणूनच या राशीला (मॉडिफाइड) ड्युरेशन म्हणतात; दराच्या हालचालीची संवेदनशीलता वर्षांत का मोजतात हे कोडे एककाने सुटते. १९५२ मध्ये ब्रिटिश ॲक्च्युअरी फ्रँक रेडिंग्टनने इम्युनायझेशनच्या, म्हणजे दर थोडा हलला तरी मालमत्ता देण्यांना पुरावी अशा तजविजीच्या, अटी मांडल्या त्या याच भाषेत: मालमत्ता आणि देणी यांचे आजचे मूल्य सारखे, दराच्या सापेक्ष पहिली डेरिव्हेटिव्ह सारखी, आणि मालमत्तेचे दुसरे डेरिव्हेटिव्ह देण्यांच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हपेक्षा मोठे. बारावीत शिकलेली किमान मूल्याची कसोटी ती हीच. मालमत्ता वजा देणी या फलाचे पहिले डेरिव्हेटिव्ह शून्य आणि दुसरे डेरिव्हेटिव्ह धन. त्याच वर्षी हॅरी मार्कोविट्झचा पोर्टफोलिओवरचा लेख प्रसिद्ध झाला, ज्यासाठी पुढे लग्रांज मल्टिप्लायर, म्हणजे एखादी अट पाळून कमाल-किमान मूल्य काढण्याची पद्धत, लागतात. तेव्हा त्या प्रकरणालाही ‘एकूण गुंतवणूक १ हवी’ ही अट घेऊनच बसावे.

डिफरन्शियल इक्वेशन कागदावर नको, स्प्रेडशीटवर

डॅनिश खगोलज्ञ आणि ॲक्च्युअरी थॉरवाल्ड थिले याने १८७५ मध्ये पॉलिसीच्या साठ्यासाठी एक समीकरण लिहिले, जे त्याच्या हयातीत छापलेही गेले नाही. शब्दांत ते असे: साठा वाढण्याचा वेग म्हणजे साठ्यावरचे व्याज, अधिक हप्ता, वजा मृत्यूचा दर गुणिले विमा रक्कम व साठा यांतला फरक. समजा साठा ३ लाख, विमा रक्कम १० लाख, डेल्टा ०.०७, हप्ता वर्षाला २५ हजार आणि म्यू ०.००४ आहे. व्याज २१ हजार, हप्ता २५ हजार, जोखमीचा खर्च ७ लाखांवर २,८००. म्हणून साठा या क्षणी वर्षाला ४३,२०० रुपये या वेगाने वाढतो आहे, म्हणजे पुढच्या महिन्यात सुमारे ३,६००. प्रत्येक पदाचे एकक ‘रुपये प्रति वर्ष’ आहे हे तपासले की समीकरण पाठ करावे लागत नाही, ते जमाखर्चासारखे वाचता येते. एक्सेलमध्ये महिन्याला एक ओळ घेऊन ही पायरी तीनशे वेळा खाली ओढावी. विद्यापीठात ऑयलरची पद्धत म्हणून जे शिकवतात ते एवढेच. परीक्षेच्या संगणकीय भागात हीच सवय उपयोगी पडते, आणि ती शेवटच्या आठवड्यात लागत नाही.

एकापेक्षा अधिक चलांच्या कॅल्क्युलसमधून लॉग लाइकलीहूडचे (मिळालेली निरीक्षणे येण्याची शक्यता मोजणाऱ्या फलाच्या लॉगचे) कमाल मूल्य आणि डबल इंटिग्रल या दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिलीचे सर्वांत साधे उदाहरण असे: ९,००० व्यक्ती-वर्षांच्या निरीक्षणात ४५ मृत्यू झाले. लॉग लाइकलीहूड म्हणजे मृत्यू गुणिले म्यूचा लॉग, वजा म्यू गुणिले व्यक्ती-वर्षे. डेरिव्हेटिव्ह शून्य केले की म्यू ४५ भागिले ९,०००, म्हणजे ०.००५ येतो, दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवरून त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.०००७५ निघते. वक्र शिखरापाशी जितका टोकदार, तितकी त्रुटी कमी. अनेक पॅरामीटर असले की याच दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची मॅट्रिक्स होते आणि तिचा इन्व्हर्स घ्यावा लागतो. डबल इंटिग्रलबाबत एकच सल्ला: सीमा लिहिण्यापूर्वी क्षेत्र काढावे. पती आधी जाईल की पत्नी, अशा दोन आयुष्यांच्या प्रश्नांत क्रम बदलल्यावर सीमा चुकतात त्या आकृती न काढल्यानेच.

मॅट्रिक्स: गाडीच्या विम्यापासून

लिनिअर अल्जिब्राच्या पुस्तकांत व्हेक्टर स्पेसची दहा गृहीतके आधी येतात. मी वाहन विम्याच्या नो क्लेम बोनसपासून सुरुवात सुचवतो, कारण तो घरातल्या कोणाच्या तरी पॉलिसीवर छापलेला असतो. आपल्याकडे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर दाव्याविना एक वर्ष गेले की २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. दावा केला की सूट शून्यावर येते असे धरू. सहा अवस्था झाल्या. दाव्याविना वर्ष जाण्याची संभाव्यता ०.९ माना आणि सहा बाय सहाची संक्रमण मॅट्रिक्स लिहा: प्रत्येक ओळीत पहिल्या स्तंभात ०.१ आणि पुढच्या अवस्थेखाली ०.९. प्रत्येक ओळीची बेरीज १ असते, ही मॅट्रिक्सची पहिली तपासणी.

दीर्घकाळात ग्राहक कोणत्या अवस्थेत किती असतील? एका वर्षाने वाटणी बदलू नये अशी अट घातली की उत्तर मिळते: शून्य सुटीत १० टक्के, मग ९, ८.१, ७.२९ आणि ६.५६१ टक्के, तर ५० टक्के सुटीत ५९.०४९ टक्के ग्राहक. सरासरी सूट ३८.८५ टक्के. आयगेनव्हॅल्यू १ असलेला आयगेनव्हेक्टर म्हणतात तो हाच. मात्र तो डावीकडून गुणायचा ओळव्हेक्टर आहे. उजवीकडून गुणला तर सगळे १ असलेला व्हेक्टर मिळतो, जो खरा पण निरुपयोगी. संगणकाच्या तयार आज्ञा उजवा व्हेक्टर देतात, म्हणून आधी मॅट्रिक्स ट्रान्स्पोज करावी.

इथे थोडे थांबण्यासारखे आहे. या मॅट्रिक्सच्या उरलेल्या पाचही आयगेनव्हॅल्यू शून्य आहेत. आकडेमोड न करता हे कसे कळते? ग्राहक पाच वर्षांपूर्वी कुठेही असो, त्याची आजची अवस्था मधल्या पाच वर्षांत शेवटचा दावा कधी झाला यावरूनच ठरते. म्हणून मॅट्रिक्सचा पाचवा घात घेतला की सगळ्या ओळी एकसारख्या होतात आणि जुनी आठवण पूर्ण पुसली जाते. आयगेनव्हॅल्यूचा आकार म्हणजे पद्धतीला भूतकाळ किती आठवतो याचे माप, ही समज कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमिअल सोडवून मिळत नाही. आर किंवा एक्सेलमध्ये पाचवा घात काढून डोळ्यांनी पाहावा. चार बाय चारचे डिटर्मिनंट हाताने सोडवण्याचा सराव विद्यापीठाच्या पेपरपुरता ठेवावा.

रँक, म्हणजे मॅट्रिक्समधले खरोखर स्वतंत्र स्तंभ किती, ही संकल्पना सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारी. मृत्युदराच्या प्रतिमानात व्यक्तीचे वय, निरीक्षणाचे कॅलेंडर वर्ष आणि जन्मवर्ष हे तिन्ही स्तंभ घालावेसे वाटतात. पण कॅलेंडर वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वयच मिळते. तिसरा स्तंभ पहिल्या दोहोंचे लिनिअर कॉम्बिनेशन आहे. मग लीस्ट स्क्वेअर्सच्या समीकरणातली मॅट्रिक्स सिंग्युलर होते, इन्व्हर्स नसतो आणि अनंत उत्तरे तितकीच चांगली बसतात. डेटा कितीही वाढवला तरी हा पेच सुटत नाही, कारण तो डेटाच्या कमतरतेचा नाही. यंत्र कधी इशारा देते, कधी एक स्तंभ गुपचूप वगळते, आणि मग नवशिका त्या गुणकांचा अर्थ लावत बसतो. लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे निरीक्षणांच्या व्हेक्टरची स्तंभांनी बनलेल्या प्रतलावर पडलेली सावली, असे चित्र मनात असेल तर दोन स्तंभ एकाच दिशेचे असताना काय बिघडते हे लगेच दिसते.

कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सबद्दल एक प्रयोग पुरे. तीन जोखमींपैकी पहिलीचा दुसरीशी सहसंबंध ०.९, पहिलीचा तिसरीशी ०.९ आणि दुसरीचा तिसरीशी उणे ०.९ असे कोणी लिहून दिले, तर ते शक्य आहे का? डिटर्मिनंट उणे २.८८८ येतो, म्हणून नाही: पहिलीच्या दोन्ही जिवलग मैत्रिणी एकमेकींच्या कट्टर वैरी असू शकत नाहीत. चोलेस्की विभाजन, म्हणजे मॅट्रिक्सचे एक प्रकारचे वर्गमूळ, करायला गेल्यास ऋण संख्येचे वर्गमूळ काढण्याची वेळ येते आणि तिथेच अडते. दोनच जोखमी आणि सहसंबंध ०.६ असेल तर विभाजन सुटसुटीत आहे: पहिली ओळ १ आणि ०, दुसरी ०.६ आणि ०.८. दोन स्वतंत्र यादृच्छिक संख्यांना या मॅट्रिक्सने गुणले की परस्परसंबंधित जोखमी तयार होतात, आणि अनेक सिम्युलेशनच्या पोटात हेच चालू असते.

दोन्ही विषय जिथे मिळतात

शेवटचा सराव म्हणून निरोगी, आजारी आणि मृत या तीन अवस्थांचे प्रतिमान घ्यावे. दर वर्षाला असे माना: निरोगीतून आजारी ०.१, निरोगीतून मृत ०.०१, आजारीतून निरोगी ०.५, आजारीतून मृत ०.०५. यांची मॅट्रिक्स लिहिताना कर्णावर ऋण बेरीज येते, म्हणजे उणे ०.११, उणे ०.५५ आणि ०, आणि प्रत्येक ओळीची बेरीज शून्य होते. नो क्लेम बोनसच्या मॅट्रिक्समध्ये ती १ होती. हा फरक विसरणारे बरेच असतात, आणि तो एककाचा फरक आहे. तिथे संभाव्यता होत्या, इथे ‘प्रति वर्ष’ असे दर आहेत.

आज निरोगी असलेली व्यक्ती वर्षअखेर कुठे असेल? एका उडीत पूर्ण वर्षाची पायरी टाकली तर निरोगी ०.८९, आजारी ०.१०, मृत ०.०१ येते. महिन्याच्या बारा पायऱ्या टाकल्या तर ०.९१४, ०.०७५ आणि ०.०११. मॅट्रिक्सचा घातांक घेऊन अचूक उत्तर काढले तर ०.९१५, ०.०७३ आणि ०.०१२. लेखाच्या आरंभी व्याजाचे कालखंड लहान करत जे केले, तेच इथे संख्येऐवजी मॅट्रिक्सवर केले आहे.

आता जिवंतांच्या दोन अवस्थांपुरती दोन बाय दोनची मॅट्रिक्स वेगळी काढून तिच्या आयगेनव्हॅल्यू वर्गसमीकरणाने सोडवाव्यात. त्या उणे ०.०१६३ आणि उणे ०.६४३७ येतात, आणि त्यांचेही एकक ‘प्रति वर्ष’ आहे. चिन्ह सोडून पाहता दुसरी मोठी असल्याने तिचा परिणाम काही वर्षांत विरतो; सुरुवातीला कोण निरोगी होता आणि कोण आजारी, हे त्यानंतर महत्त्वाचे राहत नाही. उरते ती पहिली: दीर्घकाळात हा गट वर्षाला १.६३ टक्के दराने घटत जातो. पडताळा घ्यायचा असेल तर पहिल्या आयगेनव्हॅल्यूचा डावा आयगेनव्हेक्टर काढावा. त्यातून जिवंतांपैकी ८४.२ टक्के निरोगी आणि १५.८ टक्के आजारी अशी स्थिर वाटणी मिळते, आणि पहिल्यांचा १ टक्का मृत्युदर व दुसऱ्यांचा ५ टक्के मृत्युदर या प्रमाणात मिसळला की पुन्हा १.६३ टक्केच येतात.